अमेरिकेत न्यूरोलॉजी करायचीय? शिफारसपत्रं विकणाऱ्यांपासून सांभाळा

यूएसएमएलईची (अमेरिकेत डॉक्टरकीच्या लायसन्ससाठीची परीक्षा) तयारी करणाऱ्या मुंबईतल्या पोरांसाठी लिहितेय. आपल्याकडे एमबीबीएसनंतर 3 वर्षं एमडी, मग नीट एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा), मग आणखी 3 वर्षं न्यूरोलॉजीत डीएम, आणि तिकडे न्यूरोलॉजीची रेसिडेन्सी, म्हणजे स्पेशालिस्ट व्हायचं ट्रेनिंग, सगळी मिळून 4 वर्षांत होते. एजंट लोक इंटर्न पोरांना बरोब्बर इथेच हेरतात.

मला अंधेरी ईस्टच्या एका कन्सल्टन्सीने गाठलं. साडेतीन लाखांचं पॅकेज, त्यात टेली-ऑब्झर्वरशिप (तिथल्या डॉक्टरांचं काम ऑनलाइन बघायचं), अमेरिकन न्यूरोलॉजिस्टची शिफारसपत्रं आणि वर म्हणे मॅच, म्हणजे रेसिडेन्सीची जागा, गॅरंटीड. बाबांनी एफडी मोडली. ऑब्झर्वरशिप म्हणजे काय, तर रात्री झूमवर कुणीतरी स्ट्रोकचे एमआरआय दाखवणार आणि आपण प्रश्न विचारला की त्याचं नेटवर्क जाणार.

मग एक दिवस पत्राचा ड्राफ्ट 'चेक करायला' आला. त्यात काय, तर मी लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढणं) एकटीने, सफाईने केलं! अहो, झूमवरून कुणाच्या पाठीत सुई घालणार मी? प्रत्यक्ष गेलं तरी ऑब्झर्वरला पेशंटला हात लावू देत नाहीत. वर इरासचा (रेसिडेन्सीचा अर्ज भरायची ऑनलाइन सिस्टीम) लेटर रिक्वेस्ट फॉर्म मागायला लागले, जो खरंतर पत्र लिहिणाऱ्या डॉक्टरला द्यायचा असतो, अपलोड त्यानेच करायचं असतं. मी हॉस्पिटलच्या वेबसाइटवरून पत्रावर नाव असलेल्या डॉक्टरांचा मेल शोधून सरळ विचारलं. दोन ओळींत उत्तर आलं, मी तुम्हाला ओळखत नाही, हे पत्र माझं नाही.

पैशांपेक्षा घाबरले ते वेगळ्याच गोष्टीला. ते पत्र अर्जात जाऊन पकडलं गेलं असतं तर ईसीएफएमजीच्या (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना तिथे प्रमाणपत्र देणारी संस्था) रेकॉर्डवर 'इरेग्युलर बिहेव्हियर'चा, म्हणजे गैरवर्तनाचा, शेरा माझ्या नावावर बसला असता, एजंटच्या नाही. आणि मॅचची गॅरंटी कोण देणार, तिथे उमेदवार आणि हॉस्पिटल दोघांच्या रँक लिस्ट कॉम्प्युटर जुळवतो, निकाल मार्चमध्ये. यांच्या ब्रोशरवर तर स्टेप टू सीएसचं (यूएसएमएलईचा पेशंट तपासून दाखवायचा भाग) कोचिंग पण होतं, ती परीक्षा 2021 मध्येच बंद झालीय!

पैसे परत मागितले तर 'मॅडम, रिफंड पॉलिसी वाचा.' 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, चॅट-पावत्या सगळं जपून ठेवलंय. यांच्याकडे अजून कुणी पैसे भरले असतील तर पावत्या घेऊन या, तक्रार एकत्रच देऊ, एकटं गेलं की पोलीस स्टेशनात 'हे दिवाणी मॅटर आहे' म्हणून परत पाठवतात.