पीसीबीवरची अक्षरं: जाळी, इंकजेट, तांबं की स्टिकर?

मोटर स्टार्टरचं किंवा ठिबकच्या टायमरचं पहिलंच कार्ड, म्हणजे सगळे पार्ट बसवायचा पीसीबी बोर्ड, बनवायला टाकताय आणि बोर्डवाला विचारतोय, "लेजंड कसली करू?" आमच्या नाशिकच्या अंबड-सातपूरकडे बहुतेक जण "स्वस्तातली कर" म्हणून फोन ठेवतात. मीही तेच केलं होतं.

लेजंड म्हणजे हिरव्या मास्कवरची, तांबं झाकणाऱ्या थरावरची, पांढरी छपाई. आर१७, सी४ असे पार्टांचे नंबर, डायोडची रेघ, आयसीच्या एक नंबर पायाजवळचा ठिपका, सगळं त्यात आलं.

जुनी पद्धत जाळीची. टी-शर्ट छापतात तसंच, ताणलेल्या जाळीतून एपॉक्सी शाई खाली दाबायची आणि ओव्हनमध्ये पक्की करायची. शाई जाड बसते, नीट भाजली असेल तर सहज निघत नाही. बारीक कामात मात्र ती कच्ची. रेघ ०.२ मिमीच्या आत आणि अक्षर साधारण १.२ मिमीपेक्षा बुटकं झालं की ८, ६ आणि बी एकाच आईची लेकरं दिसायला लागतात. शिवाय बोर्डाच्या प्रत्येक बाजूला वेगळी जाळी, आणि एक अक्षर बदललं तरी जाळी नवीन. डिझाइन पक्कं झालंय आणि हजारांत माल काढायचाय, तर हा खर्च जाणवत नाही. पहिल्या पन्नास नगांना जाणवतो.

इंकजेटला जाळी नाही. गर्बर फाइलवरून, म्हणजे बोर्डाच्या डिझाइनच्या फाइलवरून, शाईचे थेंब थेट बोर्डावर पडतात आणि यूव्ही दिव्याखाली जागच्या जागी पक्के होतात. ०.१ मिमीच्या आसपासची रेघही निभते. प्रत्येक बोर्डावर वेगळा नंबर किंवा क्यूआर कोड छापता येतो, ते जाळीला जमणार नाही. थर पातळ असतो. यूव्ही कमी पडला असेल तर सोल्डरिंगनंतरच्या धुण्यात अक्षरं फिकी होतात. फोटो पद्धतीची लेजंडही मिळते, रेखीव आणि महाग. स्टार्टरच्या कार्डाला ती कशाला?

तांब्यातलं अक्षर मात्र बरेच जण विसरतात. ट्रॅक, म्हणजे वीज नेणाऱ्या तांब्याच्या रेघा, ज्या थरात कोरले जातात त्याच थरात मजकूर टाकायचा. छपाईचा खर्च शून्य, आणि बोर्ड आहे तोवर अक्षर आहे. मास्कखाली ते पुसट दिसतं, बोर्ड उजेडात तिरका धरावा लागतो. त्या जागेवरचा मास्क उघडा ठेवला तर टिनच्या फिनिशमध्ये चंदेरी अक्षरं उठून दिसतात. पण अक्षर झालं तरी ते तांबंच, वीज वाहतं. थ्री फेजच्या ४१५ व्होल्टच्या ट्रॅकांमध्ये कंपनीचं नाव कोरायची हौस करू नका. खालच्या बाजूचा मजकूर लेआउटमध्ये उलटा केलाय ना, तेही बघा.

स्टिकर फक्त सीरियल नंबरपुरता. बोर्ड सोल्डरिंगच्या ओव्हनमधून जायच्या आधी लावायचा असेल तर पॉलिइमाइडचाच घ्या, तो २६० अंशांची झळ सोसतो. साधा पॉलिएस्टर स्टिकर सोल्डरिंगनंतर. कागदी स्टिकर ओलाव्यात सुटतो. कांदाचाळीच्या भिंतीवर टांगलेल्या पेटीत तो किती दिवस टिकणार?

आता माझी चूक. पहिल्या लॉटला कपॅसिटरची अधिक खूण मी त्याच्या गोलाच्या आत टाकली होती. रिकाम्या बोर्डावर झकास दिसायची. कपॅसिटर बसला की झाकली जायची. आमच्या बाकावर कोणी चुकलं नाही, नमुना समोर होता. पुढे पिंपळगाव बसवंतच्या एका रिपेअरवाल्याने कपॅसिटर बदलला. जुना आधीच काढून फेकलेला, त्यात इलेक्ट्रोलिटिकवरचा पट्टा उणे दाखवतो आणि टँटॅलमवरचा अधिक. गडी गोंधळला, नवा उलटा बसला आणि सप्लाय देताच फाट्‌कन फुटला. तेव्हापासून खूण गोलाच्या बाहेर. कुठलीही छपाई घ्या, याला पैसे पडत नाहीत. तसंच अक्षर पॅडवर, म्हणजे पार्ट सोल्डर होतो त्या उघड्या तांब्यावर, येऊ देऊ नका. शाईवर टिन धरत नाही, म्हणून बोर्डवाला तेवढा भाग फाइलमधूनच छाटतो आणि आर१७ चा आर१ होतो.

माझा कौल सांगतो. शंभर-दोनशे नग आणि पुढे बदल होणार असतील तर इंकजेट. डिझाइन बदलणार नसेल, अक्षरं मोठी असतील आणि माल भरपूर असेल तर जाळी. दोन्हींत व्हर्जन नंबर आणि व्होल्टेज तांब्यात, कारण पाच वर्षांनी दुरुस्तीला आलेल्या कार्डावर मी आधी तेच शोधतो.

ऑर्डर पक्की करण्याआधी नमुन्याचा एक बोर्ड मागवा आणि आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) भिजवलेल्या काळ्या फडक्याने अक्षरं वीसेक वेळा घासा. मी आधी कापूस वापरायचो. पांढऱ्या कापसावर पांढरी शाई दिसायची नाही, हे डोक्यात यायला मला दोन लॉट लागले.