मागच्या चाकाची तिरकी चाल आणि धुळ्यातील एक बिनपाटीचे दुकान

धुळ्यात आग्रा रोडच्या मागे, पाचकंदीलकडे जाणाऱ्या एका अरुंद गल्लीत सायकल दुरुस्तीचे एक दुकान आहे. त्याला पाटी नाही, बाहेर टांगलेल्या जुन्या टायरांवरूनच ते ओळखावे लागते. दुकान चालवणाऱ्या साठीच्या गृहस्थांना सर्वजण नाना म्हणतात. माझ्या माउंटन बाइकच्या मागच्या चाकाचे त्यांनी जे काम केले, ते सविस्तर नोंदवावे असे मला मनापासून वाटते, कारण हे काम बाहेरून सोपे दिसते आणि बहुतेक ठिकाणी ते वरवर उरकले जाते.

माझी सायकल जुनी, 26 इंची चाकांची, व्ही-ब्रेकची आणि सात गिअरच्या फ्रीव्हीलची (मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांचा गठ्ठा) आहे. पावसाळ्यात लळिंगच्या बाजूच्या दगडगोट्यांच्या वाटेवर काही फेऱ्या झाल्यावर मागचे टायर फ्रेमच्या डाव्या चेनस्टेकडे, म्हणजे मागच्या चाकाशेजारून जाणाऱ्या आडव्या नळीकडे, सरकू लागले आणि चिखल अडकला की तेथे घासू लागले. मी ती आधी दुसऱ्या एका दुकानात दिली होती. तेथे अर्ध्या तासात टायर मधोमध दिसू लागले, ब्रेकच्या रबरांचीही जागा बदलून दिली गेली आणि मी समाधानाने घरी आलो. पुढच्याच रविवारी चढावर जोर लावताच चाक खाचेत सरकले आणि टायर पुन्हा डावीकडे जाऊन चिकटले. एक्सलचे (चाकाच्या आसाचे) डावे टोक ड्रॉपआउटच्या, म्हणजे ते ज्यात बसते त्या फ्रेमच्या खाचेच्या, तळापर्यंत न नेता किंचित पुढे ठेवून नट आवळला होता, हे नंतर नानांनी दाखवले. असे केले की चाकाचा पुढचा भाग उजवीकडे वळतो आणि टायर मधोमध आल्याचा भास होतो. मूळ दोष मात्र जागच्या जागी राहतो. उतारावर वेगात असताना तेच चाक सरकले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही मनाला बोचतो.

नानांनी सर्वप्रथम 15 नंबरच्या पान्याने दोन्ही नट सैल केले, सायकल जमिनीवर सरळ उभी धरली, सीटवर हाताने भार दिला आणि एक्सल दोन्ही खाचांत पुरता बसल्यावर नट आळीपाळीने आवळले. टायर पुन्हा डावीकडे गेले. त्यांनी पट्टी लावून मोजले, तेव्हा डाव्या नळीपासूनचे अंतर 3 मिमी आणि उजव्या नळीपासूनचे 9 मिमी भरले. म्हणजे चाक मध्यापासून 3 मिमी सरकलेले होते. मग त्यांनी जे केले, त्यासाठी मी या दुकानाला सर्वांत जास्त गुण देतो. त्यांनी चेन बाजूला काढली आणि चाक उलटे, म्हणजे फ्रीव्हील डावीकडे येईल अशा रीतीने, त्याच फ्रेममध्ये बसवले. रिम आता उजवीकडे तितकीच सरकलेली दिसली. "फ्रेम सरळ शे भाऊ, चाकच एकीकडे वढायेल शे," ते म्हणाले. चाक उलटल्यावर रिम दुसऱ्या बाजूला गेली तर दोष चाकात असतो आणि ती त्याच बाजूला राहिली तर फ्रेममध्ये किंवा ड्रॉपआउटमध्ये असतो. यासाठी कोणतेही महाग हत्यार लागत नाही, फक्त पाच मिनिटांचा धीर लागतो. तरीही त्यांनी खात्रीसाठी पुढच्या हेडट्यूबला (हँडलखालच्या नळीला) सुतळी अडकवली, ती दोन्ही ड्रॉपआउटवरून फिरवून परत पुढे आणली आणि सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंची अंतरे मोजली. ती सारखी निघाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तिच्याबाबत आपल्याकडे फार गोंधळ होतो. माझ्या चाकाला आउट जवळजवळ नव्हता, ते फिरवले की रिम जराही डुलत नसे. आउट काढणे आणि चाक मध्यावर आणणे, ज्याला डिश म्हणतात, ही दोन वेगळी कामे आहेत. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, उजवीकडे फ्रीव्हील जागा घेते, त्यामुळे उजव्या बाजूचे स्पोक जास्त उभे असतात आणि त्यांना डाव्या बाजूपेक्षा जास्त ताण लागतो. ते सगळे थोडेथोडे सैल पडले की रिम न डुलता डावीकडे सरकते. माझ्या चाकाचे नेमके तेच झाले होते.

एक्सल बोटांनी फिरवून ते वाकलेले नाही याची त्यांनी आधी खात्री केली. आट्यांवर बसणाऱ्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रेमपासून बरेच आत असतात, म्हणून तेथे एक्सल वाकण्याचे प्रमाण अधिक असते. कोन (छर्रे जागेवर धरणारा एक्सलवरील शंकूच्या आकाराचा नट) थोडा सैल होता, तो त्यांनी बसवला. मग शिकंजात धरलेल्या जुन्या फोर्कमध्ये चाक अडकवले, रिमजवळ एक खिळा आणून ठेवला आणि चाक उलटसुलट करून फरक पाहिला. चिखलाने जाम झालेल्या प्रत्येक निप्पलवर (स्पोकच्या रिमकडच्या टोकावरील छोट्या नटवर) तेलाचा थेंब टाकला. व्हॉल्व्हच्या भोकापासून मोजायला सुरुवात करून डावीकडचे सर्व 18 निप्पल पाव फेरा सैल केले, नंतर उजवीकडचे 18 पाव फेरा आवळले. हाच क्रम तीनदा झाला आणि प्रत्येक वेळी त्यांनी चाक उलटून पाहिले. शेवटी दोन-दोन स्पोक मुठीत दाबून पीळ मोकळा केला आणि नखाने वाजवून प्रत्येक बाजूचा नाद एकसारखा आहे का हे ऐकले. एक स्पोक बद्द वाजला, तो पाव फेरा आवळल्यावर शेजाऱ्यांशी जुळला. चाक फ्रेममध्ये बसवले तेव्हा दोन्ही बाजूंना 6-6 मिमी जागा होती. ब्रेकची रबरे त्यांनी सर्वांत शेवटी जुळवली.

या कामाला दोन तास लागले आणि 250 रुपये पडले. हा दर मला वाजवी वाटतो.

उणिवाही सांगायला हव्यात. दुकानात बसायला जागा नाही आणि एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली उभे राहणे असह्य होते, म्हणून सकाळी लवकर जावे. पावती मिळत नाही. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ज्यावर टांगलेला असतो, तो हँगर वाकला असेल तर तो मापून सरळ करण्याचे साधन त्यांच्याकडे नाही. 148 मिमी हब आणि 12 मिमी थ्रू-एक्सलच्या (हबमधून आरपार जाणाऱ्या आसाच्या) नव्या सायकली ते घेत नाहीत. ज्या कामाचे साधन नाही, ते हातात न घेण्याचा हा प्रांजळपणा मला आवडला, परंतु अशी सायकल असलेल्यांना नाशिककडेच पाहावे लागेल.

शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा दाखवायला त्यांनी सांगितले होते, कारण नव्याने ताणलेले स्पोक सुरुवातीला थोडे बसतात. मी लळिंगच्या त्याच वाटेने चार फेऱ्या करून गेलो. उजवीकडचे दोन निप्पल किंचित आवळावे लागले. पट्टी लावली तेव्हा अंतर दोन्ही बाजूंना 6 मिमीच होते.