मसाया की ख्रिसमस ओरेटोरिओ? डिसेंबरच्या मैफिलीपूर्वी हौशी कॉयरने काय तपासावं

चाळीस-साठ हौशी गायक, आठवड्याला दोन तासांची एक तालीम, सप्टेंबरपासून साधारण चौदा आठवडे आणि मानधन देऊन बोलावलेले चार सोलो गायक. एवढ्या भांडवलावर डिसेंबरात बरोक ओरेटोरिओ (सतराव्या-अठराव्या शतकातली, धार्मिक कथा अभिनयाविना गाऊन सांगणारी मोठी रचना) करायचं ठरलं की चर्चा बहुधा दोन नावांवर येऊन ठेपते: संगीतकार हॅन्डलचा ‘मसाया’ आणि बाखचा ‘ख्रिसमस ओरेटोरिओ’. मसाया सगळ्यांच्या कानावरचा, म्हणून तो सोपा असं गृहीत धरलं जातं. आमचं मत वेगळं आहे. मसायाचा भार कॉयरवर (समूहगायकांवर) पडतो, ख्रिसमस ओरेटोरिओचा खजिनदारावर. तुमच्याकडे यातलं कोण जास्त भक्कम आहे, ते आधी बघा.

कॉयरच्या वाट्याला काय येतं

हॅन्डलने मसाया १७४१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात २४ दिवसांत लिहिला. त्यासाठी त्याच उन्हाळ्यात लिहिलेली दोन इटालियन द्वंद्वगीतं त्याने हाताशी घेतली. ‘ॲन्ड ही शॅल प्युरिफाय’, ‘फॉर अन्टू अस अ चाइल्ड इज बॉर्न’, ‘हिज योक इज ईझी’ आणि ‘ऑल वुई लाइक शीप’ हे चार कोरस (कॉयरने एकत्र गायचे भाग) त्यातून आले. म्हणजे त्यांतल्या सोळाव्या मात्रेच्या लांब ताना मुळात दोन तयार गळ्यांसाठी होत्या. १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हाही कोरसला तिथल्या दोन कॅथेड्रलचे कसलेले गायक होते.

हौशी कॉयर या तानांमध्ये दोन ठिकाणी हमखास घसरतो. तान सुरू झाली की सगळे पळतात आणि तान संपून लांब स्वर आला की त्यावर बसून राहतात. उपाय ठरलेला आहे. आधी चार-चार स्वरांच्या गटातला फक्त पहिला स्वर गाऊन तानेचा सांगाडा पक्का करायचा. मग ‘दू-दू’वर पूर्ण तान, मेट्रोनोम ५६ वर. पुढे दर आठवड्याला चार-पाच अंकांनी लय वाढवत सत्तरीच्या पुढे न्यायची आणि शब्द सगळ्यात शेवटी घालायचे. ‘ह-ह-ह’ करत स्वर वेगळे काढायची सवय सुरुवातीलाच मोडा. तिच्यामुळे श्वास अर्ध्या वाटेत संपतो.

मसायाच्या दुसऱ्या भागात ‘शुअर्ली’, ‘ॲन्ड विथ हिज स्ट्राइप्स’ आणि ‘ऑल वुई लाइक शीप’ हे तीन कोरस लागोपाठ येतात. मधला कोरस फ्यूग आहे, म्हणजे एकच चाल (‘विषय’) एकेक गट पाठोपाठ उचलतो. त्या विषयात डी फ्लॅटवरून खालच्या ई नॅचरलवर उडी आहे. हा ई जवळजवळ प्रत्येक कॉयर बेसूर, जरा खाली गातो, आणि एकदा खाली गेला की पुढची प्रत्येक एन्ट्री (नव्या गटाचा प्रवेश) त्यात भर घालते. हीच उडी सोप्रानो, आल्टो (स्त्रियांचे वरचे आणि खालचे आवाज), टेनर, बास (पुरुषांचे वरचे आणि खालचे) अशी एकेका गटाकडून पियानोशिवाय गाऊन घ्या आणि शेवटी पियानोवर तपासा. ‘शुअर्ली’मध्ये सगळी ताकद खर्च केली, तर तिसऱ्या कोरसच्या शेवटच्या संथ ओळींसाठी आवाजच उरत नाही.

बाखच्या कृतीत सहा कांतातांचा (वाद्यवृंदासह गायच्या छोट्या रचनांचा) संच आहे, १७३४-३५ च्या नाताळात लाइपझिगच्या चर्चमध्ये सहा वेगवेगळ्या दिवशी गाण्यासाठी लिहिलेला. हौशी कॉयर सहसा पहिले तीन भाग घेतात. साधारण ८० मिनिटं होतात. त्यात चार मोठे कोरस आणि आठ कोराल आहेत. कोराल म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची ओळखीची चाल, चार आवाजांत बांधलेली. चार-पाच तालमींत आठही उभे राहतात आणि नवख्यांचा धीर वाढतो. मोठ्या कोरसांपैकी ‘एरे झाय गॉट’ला मात्र सगळ्या कोरालांना मिळून लागेल तेवढा वेळ द्यावा लागतो.

सुरुवातीचा ‘याउख्त्सेट, फ्रोलॉकेट’ ऐकायला जितका झळझळीत, तितकी त्याची पहिली एन्ट्री अवघड. ही चाल बाखच्या आधीच्या एका दरबारी कांतातातली आहे, जिथे शब्द होते ‘वाजा रे नगाऱ्यांनो’. म्हणून सगळे आवाज टिंपनीसारखे (वाद्यवृंदातल्या नगाऱ्यांसारखे) एकाच सुरात, खालच्या पट्टीत येतात. सोप्रानोंना तिथे जोर मिळत नाही आणि त्या ढकलायला जातात. ढकलू नका, व्यंजनं ताठ ठेवा. आवाज आपोआप पुढे जातो.

जर्मन उच्चारांत मराठी भाषकांची थोडी सोय आहे. जर्मन ‘झेड’ म्हणजे आपल्या ‘चमचा’तला दंत्य च. ‘यू’वर दोन टिंबं असतील, तर जिभेने ‘ई’ म्हणायचं आणि ओठ ‘ऊ’चे ठेवायचे. पहिल्या तीन तालमींत फक्त पंधरा मिनिटं शब्द तालात वाचून घ्या. शब्द स्वरांबरोबरच शिकायला घेतले, तर दोन्ही कच्चे राहतात.

वादक आणि खर्च

तंतुवाद्यांचे अकरा वादक (पहिली व्हायोलिन ३, दुसरी ३, व्हायोला २, चेलो २, डबल बास १) धरले, तर मसाया दोन ऑबो, एक बसून (ही दोन्ही लाकडी फुंकवाद्यं), दोन ट्रंपेट, टिंपनी आणि एक हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गन यांवर भागतो. एकूण अठरा. टिंपनी फक्त ‘हालेलुया’ आणि शेवटच्या ‘वर्दी इज द लॅम’-‘आमेन’ला. फारच ओढाताण असेल, तर ऑबो-बसून वगळूनही चालतं, कारण ती वाद्यं बहुतांशी तंतुवाद्यांचे आणि कॉयरचेच स्वर वाजवतात.

बाखमध्ये अशी सूट नाही. तीन ट्रंपेट, टिंपनी, दोन फ्लूट, चार ऑबो घराण्यातली वाद्यं, बसून आणि ऑर्गन धरून तेवीस वादक होतात. पहिला ट्रंपेट वरच्या डीपर्यंत जातो. आधुनिक वाद्यांवर तो पिकोलो (लहान, उंच सुराचा) ट्रंपेट सराईतपणे वाजवणाऱ्याचंच काम. दुसऱ्या भागाला दोन ऑबो दामोरे आणि दोन ऑबो द काच्चा (ऑबोचेच खालच्या सुराचे प्रकार) लागतात. काच्चाऐवजी इंग्लिश हॉर्न चालतो.

खर्च वाचवायला दुसरा भाग गाळून पहिला आणि तिसरा करावा, असं कोणी तरी सुचवतंच. तसं केलं तर गोष्ट तुटते. देवदूत मेंढपाळांकडे येतात दुसऱ्या भागात आणि तिसऱ्यात निवेदक ‘देवदूत स्वर्गात परत गेले’ असं सांगतो. आलेच नव्हते, ते गेले कसे?

मुंबईत २००६ पासून एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, गोव्यात चर्चच्या परंपरेमुळे नोटेशन वाचणारे गायक-वादक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तरीही बाख करायचा, तर पहिला ट्रंपेट आणि ऑबो दामोरे यांचे होकार हातात आल्याशिवाय हॉल बुक करू नका.

सोलो गायक

मसायात चौघांनाही भरपूर काम आहे. सोप्रानो मात्र पहिली सुमारे चाळीस मिनिटं गप्प बसते आणि मग थेट ‘देअर वेअर शेपर्ड्स’ला उभी राहते. तिला तोवर मंचाबाहेर थांबू द्या. ‘बट हू मे अबाइड’ आल्टो गाणार की बास, हे करार करतानाच ठरवा. हॅन्डलने स्वतःच आल्टोसाठी वेगळं रूप लिहिलं आहे आणि वादकांच्या प्रती त्याप्रमाणे मागवाव्या लागतात.

बाखच्या पहिल्या तीन भागांत सोप्रानोला फार थोडं आहे: देवदूताच्या दोन ओळी आणि बासबरोबरचं एक द्वंद्वगीत. कॉयरमधली चांगली सोप्रानो ते निभावू शकते आणि एक मानधन वाचतं. ती बचत टेनरवर खर्च करा. निवेदकही तोच आणि ‘फ्रोहे हिर्टेन’ या फ्लूटबरोबरच्या वेगवान आरियाचं (एकट्याने गायच्या गाण्याचं) ओझंही त्याच्यावरच. जमल्यास दोन टेनर घ्या.

रंगीत तालमीत ट्रंपेटचे सगळे तुकडे पहिल्या तासात उरकून त्यांना मोकळं करा, सोलो गायक नंतर.

काय गाळायचं

मसाया पूर्ण केला, तर वीसेक कोरस होतात. चौदा तालमींत ते बसत नाहीत. पहिला भाग आणि ‘हालेलुया’ एवढाच घेतला, तर सात कोरस आणि तासाभराहून थोडा अधिक वेळ. पण द्वंद्वगीतांवरून आलेल्या चारपैकी तीन कोरस याच भागात आहेत. हा काप लहान आहे, सोपा नाही. मोठी निवड करायची असेल, तर वॉटकिन्स शॉ यांनी संपादित केलेल्या आवृत्तीतले ३४ ते ३६ आणि ४९ ते ५२ हे क्रमांक गाळा. ५० क्रमांकाचं द्वंद्वगीत थेट ५१ च्या कोरसमध्ये शिरतं. त्यामुळे एक ठेवून दुसरं काढता येत नाही. सगळ्यांच्या हातात एकच आवृत्ती हवी. बेरेनरायटर प्रकाशनाच्या आवृत्तीत क्रमांक ४७ पर्यंतच आहेत, शॉमध्ये ५३. दोन्ही मिसळल्या, तर तालमीचा निम्मा वेळ पान शोधण्यात जातो.

आमचा कौल: खात्रीचे टेनर आठाहून कमी असतील आणि वाद्यवृंदासाठी पैसे असतील, तर बाखचे पहिले तीन भाग. तेवढे कोराल कॉयरला सावरून धरतात. पैसे कमी पण नोटेशन वाचणारे गायक बरेच असतील, तर मसाया.

दोन्ही झेपत नसेल, वीस-पंचवीस गायकच असतील, तर संगीतकार कारिस्सिमीचा ‘येफ्ते’ हा ओरेटोरिओ बघा. सतराव्या शतकातल्या रोमचा, लॅटिन, पंचविसेक मिनिटांचा. ऑर्गन आणि एक चेलो पुरे. शेवटचा सहा आवाजांचा विलाप-कोरस संथ आहे, पण त्यातले घासणारे स्वर धीराने धरून ठेवावे लागतात. सोप्रानोंचे तीन गट पडतात, तेव्हा प्रत्येक गटात किमान तीन पक्के आवाज आहेत का, ते मोजून मगच हो म्हणा.