मंगळवार पेठेतलं रंगाचं दुकान: गेरू भारी, ट्यूब दाबून घ्या
सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेआधी गल्लीतल्या भिंतीवर चित्र काढायचं होतं (मालकाला विचारून हं), स्प्रे कॅन काही परवडेना म्हणून इथून गेरू, मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि निळा स्टेनर (रंगात मिसळायची ट्यूब) आणला, बाकी सगळं घरचंच. जुन्या एक्स-रे फिल्मचं स्टेन्सिल, बूट पॉलिशच्या स्पंजवाल्या रिकाम्या बाटलीचा मार्कर. सोबतचं पोस्टर चिकटवायला मैदा आधी गार पाण्यात कालवून मगच खळ शिजवली नाहीतर गुठळ्या होतात, वर चिमूटभर मोरचूद म्हणजे कीड लागत नाही, पण ते विषारी, भांडं वेगळंच ठेवा. आजोबा पूर्वी कापड विणायच्या मागावर होते, बघताच म्हणाले खळ पातळ झालीय रे, आणि खरंच पोस्टरचे कोपरे सुटले! गेरू एक नंबर, डिंक घातला की हाताला लागत नाही. स्टेनरची ट्यूब मात्र निम्मी वाळलेली, बदलून देताना काका लई कुरकुरले. तीन स्टार.