ज्यू धर्म-संस्कृतीचं फिरतं प्रदर्शन: शाळेत नक्की बोलवा, पण एक मागणी आहे

ठाण्यातल्या आमच्या शाळेत सहावी-सातवीसाठी हे प्रदर्शन आलं होतं. ती मंडळी टेम्पोतून सगळं सामान घेऊन येतात, हॉलमध्ये स्टँड लावतात आणि एकेका तुकडीला फिरवून दाखवतात. मी इतिहास शिकवते त्यामुळे सगळ्या तुकड्यांबरोबर तिथेच होते.

सगळ्यात भारी काय तर वस्तू मुलांच्या हातात देतात. तोरा म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, त्याच्या गुंडाळीची प्रत उघडून ठेवली होती, अक्षरांना बोट लावायचं नसतं म्हणून वाचायला एक काडी असते, तिच्या टोकाला इवलासा पंजा, ती काडी धरून प्रत्येकाला उजवीकडून डावीकडे ओळ फिरवायला दिली आणि एरवी बाकावर न टिकणारी पोरं सुद्धा श्वास रोखून उभी! हनुका या ज्यू सणाचा नऊ दिव्यांचा दिवा पण होता, सण आठ दिवसांचा मग दिवे नऊ का हे मुलांनाच विचारलं, नववा बाकीचे पेटवायला असतो हे एका मुलाने बरोब्बर ओळखलं.

आता मागणी. तक्ते सगळे इंग्रजीत, आणि बहुतेक जेरुसलेम नाहीतर युरोपबद्दल. अहो, आपल्या ठाण्यात 1879 पासूनचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, शाअर हाशामाईम, त्याचा साधा फोटोही नाही! बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी ज्यू लोक, कित्येक पिढ्या कोकणात राहिले, त्यांच्या आठवणीप्रमाणे पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले, तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून घाणा बंद, त्यावरून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. पेणकर, रोहेकर, केहीमकर अशी आडनावं, घरात मराठी. 1874 साली पुण्यात पेसाह सणाला वाचायची पोथी, हगादा, हिब्रू-मराठीत छापली गेली, त्यातल्या चित्रात साडी नेसलेल्या बायका बिनखमिराच्या पोळ्या करतायत. हे चित्र मोठं करून लावलं तर मुलं हलणार नाहीत तिथून.

हे पटायचं कारण म्हणजे त्यांच्यासोबत एक बेने इस्राएल मावशी आल्या होत्या. त्यांनी तक्ता सोडून घरचं सांगायला घेतलं, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात, भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं, तर मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, हे तर आमच्या गावाकडचेच वाटतात!" नंतर प्रश्नच प्रश्न, मांस आणि दूध एकत्र का नाही खात, मग कालवणात काय घालता, तर नारळाचं दूध. एवढी चर्चा माझ्या तासाला कधी होत नाही, खरंच सांगते.

एका तुकडीला जेमतेम पाऊण तास मिळतो, कमी पडतो. बुकिंग करताना तुकड्या कमी ठेवा आणि मराठी बोलणारं माणूस पाठवा असं आधीच सांगा, आम्ही पुढच्या वर्षीसाठी तसं कळवलंय आणि सिनेगॉगवाल्यांशीही बोलणं चालू आहे, परवानगी मिळाली तर त्याच आठवड्यात मुलांना तिथे घेऊन जायचंय.