सिंपलवॉल: विंडोजमधून बाहेर जाणाऱ्या कनेक्शनवर ताबा

विंडोजमध्ये फायरवॉल, म्हणजे संगणकात येणाऱ्या-जाणाऱ्या कनेक्शनवर पहारा ठेवणारे सॉफ्टवेअर, असताना सिंपलवॉल नावाची आणखी एक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर विंडोजच्या फायरवॉलच्या मूळ घडणीत सापडते. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या वर्मने (आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने) १३५ क्रमांकाच्या पोर्टवाटे (नेटवर्कच्या क्रमांकित दारातून) जगभरातल्या विंडोज एक्सपी संगणकांत शिरकाव केला, आणि २००४ मध्ये आलेल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने ही फायरवॉल मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली. तेव्हाची काळजी बाहेरून आत येणाऱ्याची होती आणि आजही रीत तीच आहे: न मागता आत येणारे कनेक्शन अडवायचे, आतून बाहेर जाणाऱ्या कोणालाही हटकायचे नाही. एक्सपीनंतरच्या व्हिस्टा या आवृत्तीपासून बाहेर जाणारी कनेक्शनेही अडवता येतात हे खरे; पण ती सोय प्रगत सेटिंगच्या पोटात दडलेली आहे आणि एखादा प्रोग्राम अडवला गेला तर ‘याला जाऊ देऊ का?’ असे विचारण्याची पद्धतच तिच्यात नसल्यामुळे सहसा कोणी तिच्या वाटेला जात नाही.

सिंपलवॉल नेमके हे विचारण्याचे काम करते. हेन्री++ या नावाने काम करणाऱ्या विकसकाने ती तयार केली आहे. ती विनामूल्य आहे, तिचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला आहे आणि तिचा आकार जेमतेम एक एमबीच्या आसपास आहे. विंडोजच्या फायरवॉलवर चढवलेला हा नुसता नवा चेहरा नाही. विंडोजच्या गाभ्यातच ‘विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म’ नावाची यंत्रणा असते आणि सिंपलवॉल आपले नियम थेट त्या यंत्रणेत बसवते. त्यामुळे मूळ फायरवॉल चालू ठेवूनही ती वापरता येते. मात्र दोघींपैकी एकीने जरी नकार दिला तरी कनेक्शन अडते, एवढे ध्यानात ठेवावे लागते.

फिल्टर सुरू करण्याचे बटण दाबले की परवानगीच्या यादीत नसलेल्या प्रत्येक प्रोग्रामचा इंटरनेटशी संबंध तुटतो. ब्राउझरसुद्धा बंद पडतो, आणि ज्यांना याची पूर्वकल्पना नसते ते इथेच घाबरून सगळे काढून टाकतात. त्यानंतर जो प्रोग्राम बाहेर जाऊ पाहील त्याच्या नावाने पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडते. प्रोग्रामचे नाव, त्याच्या फाइलवर कोणाची डिजिटल स्वाक्षरी आहे, तो कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर आणि कोणत्या प्रोटोकॉलने (संदेशवहनाच्या रीतीने) जाऊ पाहतो, ही सारी माहिती त्या खिडकीत असते. परवानगी द्यायची की अडवायचे, एवढेच आपण ठरवायचे.

पहिले काही दिवस या खिडक्यांचा ससेमिरा असतो, पण त्याच दिवसांत आपल्या संगणकाची खरी ओळख होते. प्रिंटरबरोबर आलेले मदतनीस सॉफ्टवेअर प्रिंटर बंद असतानाही बाहेर डोकावते. पीडीएफ वाचण्याच्या प्रोग्रामची अपडेट सेवा, पीडीएफ उघडलेली नसतानाही, आपल्या वेळेला हजर होते. माझ्याकडे मराठी टंकलेखनाचे एक जुने सॉफ्टवेअर आहे. अक्षरे उमटवण्यापलीकडे त्याला काही काम नाही, तरीही ते सुरू होताच ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून कुठेतरी जाऊ पाहते. मी त्याला कायमचे अडवले आणि टंकलेखनात तसूभरही फरक पडला नाही. ते परवाना तपासत होते की आणखी काही, हे मात्र मला सिंपलवॉल सांगू शकली नाही, आणि या प्रकारच्या कुठल्याही फायरवॉलची मर्यादा इथेच कळते. कोण कुठे जातो ते दिसते, काय घेऊन जातो ते दिसत नाही, कारण मजकूर बहुतेकदा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे सांकेतिक रूपात गुंडाळलेला असतो. ‘कुठे’ हेही पुष्कळदा अर्धवटच कळते. पत्ता एखाद्या मोठ्या क्लाउड कंपनीचा निघतो आणि त्यामागे नेमके कोण बसले आहे याचा अंदाजच करावा लागतो.

सर्वांत अवघड प्रकरण म्हणजे एसव्हीसीहोस्ट. विंडोजच्या अनेक सेवा या एकाच नावाच्या फाइलमधून चालतात: डोमेन नावांचा पत्ता शोधणारी सेवा, घड्याळ जुळवणारी, अपडेट उतरवणारी. तिला सरसकट मोकळीक दिली तर फायरवॉल बसवण्यात अर्थ उरत नाही आणि सरसकट अडवले तर इंटरनेटच चालत नाही. सिंपलवॉलमध्ये यावर बरा उतारा आहे. डीएनएस (नावांवरून पत्ता शोधणे) आणि डीएचसीपी (संगणकाला नेटवर्कवरचा पत्ता मिळवून देणे) यांसारख्या निकडीच्या गोष्टींसाठी तयार नियम आहेत आणि सेवांची वेगळी यादी असल्यामुळे एकेका सेवेला स्वतंत्रपणे परवानगी देता येते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांसाठी माझ्या मते हाच या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा लाभ आहे. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असताना विंडोजचे अपडेट, क्लाउड ड्राइव्हचे सिंक आणि विंडोजची ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ सेवा, जी डाउनलोड झालेल्या अपडेटचे तुकडे इतर संगणकांशी वाटूनही घेऊ शकते, या तिघांनी मिळून दुपारपर्यंत डेटा संपवणे मुळीच अशक्य नाही. ‘मीटर्ड कनेक्शन’ (डेटा मोजका आहे असे विंडोजला कळवणारी) ही विंडोजची सोय बरेचसे थोपवते, पण इतर कंपन्यांचे प्रोग्राम ती जुमानतीलच असे नाही. सिंपलवॉलपुढे त्यांचा इलाज चालत नाही. अर्थात अपडेट कायमचे अडवून ठेवणे हा शुद्ध आत्मघात आहे. घरच्या वायफायवर आल्यावर ती सेवा मोकळी करावीच.

कर सल्लागार आणि हिशेबनीस मंडळींसाठी एक सूचना. सरकारी पोर्टलवर डिजिटल स्वाक्षरी करताना ब्राउझर आपल्याच संगणकावरच्या स्वाक्षरीच्या प्रोग्रामशी १२७.०.०.१ या अंतर्गत पत्त्यावर बोलतो. या लूपबॅक (संगणकाने स्वतःशीच केलेल्या) कनेक्शनला मुभा देण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू असल्याची खात्री करून घ्यावी. नाहीतर विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला टोकन (डिजिटल स्वाक्षरी साठवलेला यूएसबी) लावलेले असूनही स्वाक्षरी का होत नाही, म्हणून डोके धरून बसावे लागेल.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. नियम फाइलच्या जागेवर बांधलेले असतात आणि काही प्रोग्राम प्रत्येक नव्या आवृत्तीला नव्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात. साहजिकच तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि जुन्या, निरुपयोगी नोंदी यादीत साचत राहतात. एकदा ब्राउझरला परवानगी दिली की ब्राउझरच्या आत जे काही चालते त्यावर तिची सत्ता नाही. परवानगी असलेल्या प्रोग्रामच्या आडून एखादे घातक सॉफ्टवेअर बाहेर पडू शकते, तेव्हा हिला अँटिव्हायरसचा पर्याय समजू नये. सेटिंगची मांडणी जाणकारांसाठी केलेली आहे. नवख्याला हाताला धरून नेईल असे तिच्यात फारसे काही नाही.

एक बाब वापरण्यापूर्वीच ठाऊक असावी. फिल्टर सुरू करताना कायमस्वरूपी आणि तात्पुरते असे दोन पर्याय मिळतात. तात्पुरते नियम संगणक पुन्हा सुरू केला की नाहीसे होतात. कायमस्वरूपी नियम मात्र सिंपलवॉल बंद केली तरी लागू राहतात, इतकेच नव्हे तर ती अनइन्स्टॉल केली तरी मागे राहतात. म्हणून काढून टाकण्याआधी तिच्यातूनच फिल्टर बंद करणे आवश्यक आहे. विकसकाने हे स्पष्ट लिहून ठेवले आहे, परंतु असे लिहिलेले वाचतो कोण? सुरुवातीला तात्पुरत्या पर्यायावर काही दिवस काढावेत आणि यादी स्थिरावली की कायमस्वरूपीकडे वळावे, हे उत्तम.

सतत विचारले जाणे ज्यांना सोसवत नाही त्यांनी टायनीवॉल पाहावी. तीही विनामूल्य आहे. ती सगळे गुपचूप अडवते, खिडक्या उघडत नाही, आणि ज्या प्रोग्रामला मोकळीक हवी त्याच्या खिडकीवर किंवा यादीतल्या नावावर आपणच जाऊन क्लिक करायचे असते. घरातल्या ज्येष्ठांच्या संगणकावर मी यांपैकी काहीच बसवणार नाही, कारण प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्याकडे फायरवॉल असून नसल्यासारखी आणि प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्याकडून रोज संध्याकाळी ‘नेट बंद पडलंय’ असा फोन ठरलेला. स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र मी सिंपलवॉलच ठेवली आहे, आणि नियमांची फाइल एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर जपली आहे, म्हणजे विंडोज नव्याने टाकावे लागले तरी ते सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवत बसायला नको.