शिल्डेड कंट्रोल केबल, २०० मीटर: द्राक्षबागेत आठ महिने वापरल्यावर

पहिला भाग जानेवारीत रागाच्या भरात लिहिला होता. पुसत नाही, कारण त्यातला अर्धा राग अजून शिल्लक आहे.

जानेवारी. पाचपैकी एक स्टार, तोही शून्य देता येत नाही म्हणून.

केबल नेहमीचीच. ३ कोअर, ०.७५ स्क्वेअर एमएम, आत फॉइल, त्यावर टिन केलेल्या तांब्याची जाळी (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारी हीच ती शिल्ड), बाहेरून करडी पीव्हीसी. सप्टेंबरमध्ये १०० मीटरची दोन बंडलं घेतली. मीटरला ५८ रुपये, जीएसटी धरून १३,६८८. शेजारच्याच रॅकवर बिनशिल्डची २४ रुपयांना होती आणि माझा हात तिकडेच जात होता. दुकानदार म्हणाला, "शेठ, पंपाला व्हीएफडी आहे ना? मग साधी घेऊ नका, रडाल." व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. घेतली महागाची. तरी रडलोच.

काम साधं होतं. थॉमसन जातीच्या द्राक्षाच्या प्लॉटमध्ये घडाच्या उंचीवर दोन पीटी-१०० सेन्सर (तापमानाप्रमाणे ज्यांचा विद्युतरोध बदलतो ते) लावायचे आणि रात्रीचं तापमान शेडमधल्या कंट्रोलरवर बघायचं. आमच्या निफाड भागात डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन आणि पहाटे कडाका पडतो. त्यात मण्यात पाणी उतरायची, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागायची वेळ गाठली की हिरवे मणी गुलाबी व्हायला लागतात. पिंक बेरी. निर्यातवाला असा घड हातात घेतो आणि काही न बोलता बाजूला ठेवतो. उपाय म्हणजे घडांना पेपर लावायचा. त्याची रद्दी आणि मजुरी दोन्ही महाग, म्हणून माझा हिशेब असा, की पारा खरोखर खाली जायला लागला की मगच लावायचा.

कंट्रोलर रोज सकाळी रात्रीचं किमान दाखवायचा. ११, १०.५, कधी १२. पेपरात निफाडचा पारा ७ च्या आसपास छापून येत होता. मी म्हणायचो, ते कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रातलं, आपला मळा खोलगट नाही, शेजारी विहीर आहे. तात्या, म्हणजे वडील, पहाटे बागेतून फिरून यायचे आणि हात चोळत विचारायचे, "तुझा तो डबा गोधडी घेऊन झोपतो का रे?"

शेजाऱ्यांनी पेपर लावले. मी आठ दिवस थांबलो. एक एकर गुलाबी झालं. तो माल लोकलला गेला, किलोमागे ४० रुपये कमी.

आणि ती जाळी! या केबलमध्ये ड्रेन वायर, म्हणजे शिल्डला लागून जाणारी, अर्थला जोडायची उघडी तार नाही. ५८ रुपये मीटर आणि आत एवढी साधी तार टाकायची दानत नाही. टर्मिनलला जोडायचं म्हणजे साल काढा, जाळी सुईनं केस विंचरल्यासारखी सोडवा, पिळा, वर स्लीव्ह चढवा. सहा जागी जोडण्या, एकेकीला वीस-पंचवीस मिनिटं. तांब्याचे ते केसासारखे तुकडे नखात घुसतात आणि दोन दिवस दिसत नाहीत, नुसते टोचतात. दुकानदाराला म्हटलं, तर म्हणतो जाळी असताना ड्रेन वायर लागत नाही, ती नुसत्या फॉइलवाल्या केबलला लागते. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर आहे, हेच जास्त झोंबतं. बदलून द्यायलाही तयार नाही, म्हणे कापलेला माल परत घेत नाही.

इथवर जानेवारी. आता मे चालू आहे, पुढचं जरा डोकं थंड ठेवून लिहितोय.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तात्यांचा जुना किमान-कमाल तापमापक सेन्सरच्या शेजारी टांगला आणि आठ दिवस दोन्ही आकडे वहीत लिहिले. काही रात्री फरक अर्ध्या डिग्रीचा, काही रात्री सरळ ३ ते ४ डिग्रीचा, आणि तोही नेहमी वरच्याच बाजूला. वहीत शेजारच्या रकान्यात लाईटचं वेळापत्रक होतं. आमच्या फिडरला थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. ज्या रात्री लाईट, त्याच रात्री खोटा आकडा. आणि थंडी वाढली की आपण काय करतो? पहाटे मोटर लावून ठिबकनं पाणी सोडतो. म्हणजे जी रात्र सगळ्यात गार, त्याच रात्री पंप चालू आणि त्याच रात्री सेन्सर खोटं बोलणार. डिसेंबरमध्ये तर ही थट्टा ओळीनं चालली असणार.

मग लाईट असलेल्या एका रात्री शेडमध्ये बसून मोटर बंद केली. स्क्रीनवर ११.४ होतं, ते ७.९ वर आलं. पुन्हा चालू, पुन्हा वर. पीटी-१०० ला एका डिग्रीमागे ०.३८५ ओहमचा फरक पडतो. एवढ्याशा खुणेवर सगळा कारभार, आणि शेजारून १० एचपीचा व्हीएफडी सेकंदाला हजारो वेळा स्विच होऊन गोंगाट करतोय.

मग शिल्ड असून उपयोग काय? तर चूक माझी. एक तर खोदाई वाचवायला सेन्सरची केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपात घातली होती, ६० मीटर. दुसरी चूक त्याहून शहाणपणाची. नाशिकजवळच्या अंबडला कंपनीत मेंटेनन्सला होतो, तिथे व्हीएफडी ते मोटर केबलची शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ करायचो. ते बरोबरच असतं. तोच नियम मी इथे सिग्नलच्या केबलला लावला. एक टोक शेडच्या अर्थला, दुसरं बागेतल्या लोखंडी अँगलला. अँगलचं टोक सोडून मीटर लावला. मोटर बंद असताना जेमतेम ०.१ व्होल्ट, मोटर चालू केली की २.६. दोन जागची जमीन सारखी नाही, आणि त्या फरकाचा करंट माझी महागडी जाळी इकडून तिकडे वाहून नेत होती. जी जाळी अंगरखा म्हणून घेतली तीच तार बनली.

बागेकडचं टोक सोडून टेप मारली. नवीन चर खणून केबल मोटरच्या केबलपासून दीड फूट लांब टाकली, आणि जिथे ओलांडावं लागलं तिथे काटकोनात. मोटरची केबलही शिल्डेड केली, तिला मात्र दोन्हीकडे धातूचे ग्लँड (केबल आवळून धरणारी तोंडं), जाळी गोल दाबून. जाळीची शेपटी पिळून स्क्रूला लावायची नाही. त्यानंतर दोन महिने, लाईट असो नसो, तात्यांच्या पाऱ्यापेक्षा ०.३ च्या वर फरक नाही. म्हणजे दुकानदारानं माल चांगलाच दिला होता. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

भाची जैवतंत्रज्ञान शिकते. होळीला आली तेव्हा गुलाबी मण्यांचं रडगाणं तिला ऐकवलं. ती म्हणाली, "मामा, पांढऱ्या, म्हणजे तुमच्या हिरव्या द्राक्षाच्या सालीत रंगाचा कारखाना असतोच, फक्त शेवटचं मशीन बंद असतं." ते मशीन म्हणजे यूएफजीटी नावाचं एन्झाइम, रंगद्रव्याला साखर जोडून टिकाऊ करणारं. त्याचा स्विच म्हणजे एमवायबीए-१ हे जनुक. बऱ्याच पांढऱ्या जातींत या स्विचच्या तोंडाशी ग्रेट-१ नावाचा डीएनएचा उडता तुकडा येऊन बसलाय, म्हणून तो दबत नाही. २००४ साली जपानी संशोधकांनी हे दाखवलं. मग माझे मणी गुलाबी कसे? म्हणाली, रंग दिसतोय म्हणजे थोडं का होईना, मशीन फिरलं. शेजारच्या काळ्या द्राक्षवाल्याची तक्रार नेमकी उलटी असते. उन्हाळा लवकर तापला की त्याच्या सालीत हेच मशीन मंदावतं आणि मणी लालसरच राहतात. एका बांधावर दोन शेतकरी, एकाला रंग नको, एकाला हवा, आणि दोघंही रात्रीच्या आकड्याकडे डोळे लावून.

बाकी टिकाऊपणाचं थोडक्यात. जमिनीवरून गेलेल्या तुकड्याची करडी साल एप्रिलच्या उन्हात कडक झाली. उघड्यावर टाकायची असेल तर काळी मागा किंवा पाइपात घाला. एका जागी उंदरानं साल कुरतडली, पण जाळीला दात लागल्यावर सोडून गेला. आतले कोअर शाबूत. बिनशिल्डची असती तर कोअर तुटून त्या रात्रीचा आकडा गेला असता, म्हणून इथे ५८ रुपये वसूल धरतो.

आता चार स्टार. पाचवा त्या ड्रेन वायरचा. यंदा छाटणीआधी तिसरा सेन्सर लावायचाय आणि पहिल्या बंडलातली १४ मीटर उरली आहे, ती पुरत नाही. नवीन घेताना दुकानात एक तुकडा सोलून दाखवायला लावणार. आत उघडी तार दिसली तरच पैसे.